क्षय अधिक सहा

मिरजेत, तंतुवाद्यांच्या गल्लीत,
बाबालाल मिस्त्रींच्या दुकानावर
कुसनाळे बाईंची शिकवणी.
जिना लाकडी, सतरा पायऱ्यांचा.
बाई नवव्या पायरीवर थांबायच्या
कठडा धरून,
काहीतरी घरी विसरून आल्यासारख्या.
मग उरलेल्या आठ.

खाली घोडीवर कानस चालायची, जवारी काढणं.
दोनदा घासायचं, तार छेडून ऐकायचं,
मान हलवायची, परत घासायचं.
वर आम्ही चौघं: मी, जुलेखा,
सुकुमार मगदूम, आणि ऐनापुऱ्यांचा दिगू,
ज्याला बीजगणितापेक्षा
खाली वाळत टाकलेले भोपळे आवडत.

बाईंनी फळ्यावर लिहिलं
क्षय + ६ + ३क्ष + २य
आणि स्वतःच हसल्या.
‘क्ष नि य शेजारी बसले की काय होतं बघा.
मिरजेत हे मोठ्यानं वाचू नका,
लोक खिडक्या उघडतील.
पाडा अवयव.’

आम्ही पहिल्या दोघांचा गट केला.
क्षय आणि सहा: सामाईक काही नाही.
उरले तीन क्ष, दोन य.
तेही एकमेकांकडे पाठ करून.
सुकुमार म्हणाला, बाई, छापताना चुकलंय.
‘छापलंय कुठं? मी लिहिलंय.
उठा सगळे.’
दिगूला माझ्या जागी बसवलं,
मला जुलेखाच्या शेजारी, जिथं बसायला
मी जूनपासून कारण शोधत होतो.
‘बेरजेत जागा बदलली
म्हणून कुणाचं काही कमी होत नाही.
फक्त आपलं चिन्ह आपण न्यायचं,
देवळातून निघताना चप्पल नेतो तसं.
दुसऱ्याचं घालायचं नाही.’

क्षय + ३क्ष.
क्ष बाहेर, कंसात य अधिक तीन.
२य + ६.
दोन बाहेर, कंसात
‘परत तेच!’ जुलेखा ओरडली,
खाली कानस थांबली.
दोन दारं ठोठावली
आणि दोन्हींत तोच माणूस उभा.

(य + ३)(क्ष + २)

‘आता गुणा,’ बाई म्हणाल्या.
‘माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवू नका.’
गुणलं. चौघंही परत आले,
सहा सगळ्यांच्या मागून.

दिवाळीनंतरचं एक गणित मात्र
अजून माझ्या वहीत लाल आहे.
क्षय + क्ष + ५य + ५.
मी क्ष बाहेर काढला
आणि कंसात फक्त य लिहून मोकळा झालो.
‘दुसऱ्या पदाचं काय झालं?’
क्ष होता, काढला की, बाई.
‘मग आत काय राहिलं?’
शून्य.
बाई काहीच बोलल्या नाहीत थोडा वेळ.
त्यांचा श्वास मात्र ऐकू यायचा, नेहमीसारखा,
अर्ध्यावर वळणारा.
‘अरे, वजा नाही केलास, भागलंस.
सगळंच्या सगळं बाहेर काढलं ना,
तरी आत एक उरतो.
तेवढा लिहायचा विसरू नको,
नाहीतर पुढचा कंस जुळत नाही.’
आणि माझ्या य शेजारी
त्यांनी स्वतः + १ लिहिला,
जरा जास्तच दाबून.

जुलेखा पुढं नर्स झाली.
बाई गेल्या त्या वर्षी
दवाखान्याच्या दारातल्या चहाच्या गाड्यावर भेटली.
कप तसाच धरून म्हणाली,
तुला माहीत नव्हतं?
विशीतच डावं फुप्फुस काढलेलं.
क्षय.
एकावर चाळीस वर्षं शिकवलं त्यांनी.

मी काही बोललो नाही.
गुणून बघत होतो.

परवा गल्लीत गेलो होतो.
बाबालालचा नातू बसतो आता.
वर सामान ठेवलंय म्हणाला, जपून जा.
नवव्या पायरीपाशी कठडा
वीतभर गुळगुळीत आहे.
बाकी सगळा खरखरीत.
खाली पोरानं तार छेडली,
ऐकली, मान हलवली,
परत कानस घेतली.